एका दोरीची दोन कामं: ट्रॅव्हलर आणि माझे सहा महिने



पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझा रिव्ह्यू होता. जेआरएफची एसआरएफ व्हायची की नाही, हे त्याच दिवशी ठरणार होतं. मी विंड टनेलमध्ये छोट्या शिडाच्या मॉडेलवर काम करते. सहा महिने राबून काढलेला आलेख पडद्यावर होता. आडव्या अक्षावर शिडाचा वाऱ्याशी होणारा कोन, उभ्या अक्षावर लिफ्ट. रेषा गुळगुळीत, एरर बार छोटे. मी मनातून खूश.

समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "हा कोन तुम्ही बदललात कसा?"

"दोरी ओढून, सर. बूमच्या टोकाला दोरी बांधलीय, ती टनेलच्या तळातल्या भोकातून खाली येते."

"दोरी ओढल्यावर शिडाचा फक्त कोनच बदलतो?"

मी "हो" म्हणाले. मग त्यांनी वरून काढलेले दोन फोटो शेजारी शेजारी लावायला सांगितले. एकात दोरी ताणलेली, दुसऱ्यात सैल. सैल दोरीच्या फोटोत शिडाचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा चांगलाच बाहेर वळलेला दिसत होता. सर म्हणाले, "मग हा आलेख कोनाचा आहे की पिळाचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एसआरएफ लांबली. सहा महिन्यांनी पुन्हा या, असं सांगण्यात आलं.

सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर या प्रश्नाचं उत्तर वर्षभर दर रविवारी माझ्या हातात होतं. अक्षरशः हातात. मुंबई बंदरात मी शिडाची बोट चालवायला शिकत होते आणि त्या बोटीवर नेमकी हीच अडचण सोडवणारी एक वस्तू बसवलेली असते. तिचं नाव ट्रॅव्हलर. आज ती वस्तू काय आहे, कशी बसवतात, कशी वापरतात हे पहिल्यापासून सांगते. तुम्ही कधी बोटीत बसणार नसाल तरी हरकत नाही. प्रयोग मात्र तुम्हाला करायचाच आहे.

आधी शब्दांची ओळख

मराठी माणसाचा पहिला घोळ इथेच होतो. मेनशीट म्हणजे शीड नव्हे, दोरी! शिडाला ताब्यात ठेवणाऱ्या दोरीला इंग्रजीत शीट म्हणतात, आणि मुख्य शिडाची दोरी ती मेनशीट. पहिल्या दिवशी "शीट सोड" ऐकून मी शिडाकडे धावले होते.

उभी काठी ती डोलकाठी. शिडाच्या खालच्या कडेला आडवा दांडा असतो, तो बूम. बूमचं एक टोक डोलकाठीला बिजागरीसारखं जोडलेलं असतं, दुसरं मोकळं. त्यामुळे बूम दारासारखा डावी-उजवीकडे फिरतो, आणि दार जे सहसा करत नाही तेही करतो, म्हणजे थोडा वरही उचलला जातो. हे वर उचललं जाणं लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्यावरच आहे.

मेनशीट बूमवरून खाली बोटीच्या मध्यभागी येते. मध्ये कप्प्या असतात, म्हणजे हाताला जोर कमी लागतो. छोट्या बोटीवर साधारण चारास एक अशी जोडणी असते: चार हात दोरी ओढली की बूम एक हात येतो.

वारा ज्या बाजूने येतो ती वाऱ्याकडची बाजू. बोट जिकडे कलते ती झुकती बाजू. एवढं भांडवल पुरे.

एका दोरीची दोन कामं

वारा जिकडून येतो तिकडे थेट जाता येत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, एकदा या अंगाने एकदा त्या अंगाने, असं नागमोडी जावं लागतं. या चालीत शीड जवळजवळ बोटीच्या मधल्या रेषेपर्यंत आत ओढलेलं असतं, आणि इथेच मेनशीट दोन कामं एकदम करते.

पहिलं काम, बूम आत आणणं. म्हणजे शिडाचा कोन.

दुसरं काम, बूम खाली ओढणं. बूम खाली आला की शिडाची मागची कड ताणली जाते आणि शिडाचा वरचा भाग खालच्या भागाच्या रेषेत येतो. दोरी सैल केली की बूम उचलला जातो, मागची कड ढिली पडते आणि वरचा भाग बाहेर वळतो. खालच्या आणि वरच्या भागांतल्या या फरकाला आपण पीळ म्हणू.

व्यवहारात एका दगडात दोन पक्षी मारले की आपण खूश होतो. प्रयोगात मात्र पंचाईत होते. कुठला पक्षी कशाने पडला, हे सांगता येत नाही.

पीळ वाईटच असतो असं नाही. पाण्यालगत वारा हळू असतो, उंचीवर जोरात. समजा डेकजवळ वारा सेकंदाला ३ मीटर आणि डोलकाठीच्या टोकाजवळ ४ मीटर आहे. बोट खऱ्या वाऱ्याशी ४५ अंशांत सेकंदाला १.५ मीटर वेगाने चालली आहे. चालत्या बोटीला जाणवणारा वारा म्हणजे खरा वारा आणि बोटीच्या वेगामुळे समोरून येणारा वारा यांची बेरीज. ही व्हेक्टर बेरीज कागदावर करून बघा. खाली जाणवणारा वारा बोटीच्या नाकापासून सुमारे ३० अंशांवर येतो आणि वर सुमारे ३३ अंशांवर. म्हणजे एकाच शिडाला खाली एक दिशा मिळते, वर दुसरी. वरचा भाग थोडा बाहेर वळलेला असणं म्हणूनच गरजेचं आहे. किती, हे वाऱ्यावर आणि लाटांवर ठरतं.

थोडक्यात, नाविकाला कोन हवा तेवढा आणि पीळ हवा तेवढा, दोन्ही वेगवेगळं ठरवायचं असतं. हातात दोरी मात्र एकच.

आकडे मांडून बघू

समजा मेनशीट बूमला डोलकाठीपासून २ मीटरवर बांधली आहे आणि तिथून सरळ खाली १ मीटरवर बोटीला अडकवली आहे. बूम मध्यरेषेवर असताना दोरीचं हे अंतर १ मीटर.

आता बूम ५ अंश बाहेर जाऊ द्या. टोक बाजूला सरकतं साधारण १७ सेंटिमीटर. दोरी किती सोडावी लागली? पायथागोरस लावा: १ चा वर्ग अधिक ०.१७४ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ १.०१५. म्हणजे फक्त दीड सेंटिमीटर!

१० अंश बाहेर गेला तर टोक ३५ सेंटिमीटर सरकतं आणि दोरी लागते सुमारे ६ सेंटिमीटर.

आता उलट बघा. बूम बाजूला न जाता सरळ वर उचलला गेला, तर दीड सेंटिमीटर दोरीत तो दीड सेंटिमीटर उचलला जातो. तुम्ही दोरी सोडता, पण तिचं काय करायचं, बाजूला जायचं की वर, हे तुम्ही ठरवत नाही. वारा, शिडाचं कापड आणि ताण मिळून ठरवतात. मध्यरेषेजवळ ही दोरी कोनासाठी फार ढोबळ आणि पिळासाठी फार तिखट. बोटभर दोरी इकडेतिकडे झाली की दोन्ही गोष्टी बदलतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात.

माझ्या विंड टनेलमधल्या मॉडेलवर नेमकं हेच चाललं होतं. मी "कोन १० वरून १५ केला" असं वहीत लिहीत होते. खरं तर मी कोन वाढवत होते आणि पीळ बदलत होते, आणि श्रेय सगळं कोनाला देत होते.

मामांचं वाक्य

रिव्ह्यूनंतरच्या रविवारी बोटीवर गेले तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. आमच्या क्लबात उरणकडचे एक जुने तांडेल आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. हिवाळ्यातली दुपार होती, वायव्येचा वारा वाढत चालला होता. बोट जास्तच कलायला लागली म्हणून मी मेनशीट सोडली. शीड फडफडलं, बोट सरळ झाली, पण मेलीच. वेग गेला. पुन्हा ओढली, पुन्हा कलली.

मामा म्हणाले, "अगं, दोरी सोडलीस की बूम बाहेर जायच्या आधी वर जातो. तुला तो बाहेर न्यायचाय ना? मग दोरीला हात लावू नकोस. गाडी सोड."

मी गाडीची दोरी सोडली. बूम जसाच्या तसा ताणलेला, शीड तसंच सपाट, फक्त सगळं मिळून थोडं बाहेर सरकलं. बोट सरळ झाली आणि वेग टिकला. आणि मला समितीतल्या सरांचा प्रश्न पहिल्यांदा नीट ऐकू आला.

ट्रॅव्हलर म्हणजे काय, आणि बसवायचा कसा

कल्पना साधी आहे. मेनशीटचं खालचं टोक एका जागी पक्कं न बांधता, बोटीच्या आडव्या दिशेने बसवलेल्या रुळावरच्या छोट्या गाडीला बांधायचं. गाडी डावी-उजवीकडे सरकते. आता बूमचा कोन गाडीच्या जागेने ठरतो आणि ताण, म्हणजे पीळ, मेनशीटने. दोन कामांना दोन दोऱ्या.

बसवताना लक्ष द्यायच्या गोष्टी:

रूळ बोटीच्या मध्यरेषेला काटकोनात हवा. गाडी मधोमध आणि बूम मध्यरेषेवर असताना मेनशीट मागून बघितली तर उभी सरळ दिसली पाहिजे. ती तिरकी असेल तर डाव्या आणि उजव्या अंगाला ट्रिम सारखी येणार नाही.

रुळावर ओढ वरच्या दिशेने येते, आणि झटक्याने येते. त्यामुळे लाकडात नुसते स्क्रू पिळून भागत नाही. बोल्ट आरपार हवेत आणि खालून मोठे वॉशर किंवा पट्टी हवी. भोकांतून पाणी आत जाऊ नये म्हणून सीलंट भरायचं.

रुळाच्या दोन्ही टोकांना अडणे हवेतच. गाडी रुळावरून निसटली तर मेनशीटसकट बूम मोकळा होतो.

गाडीला दोन्ही बाजूंनी एकेक दोरी. छोट्या बोटीवर दोनास एक किंवा तीनास एक एवढी कप्पी पुरते. दोरी न ताणली जाणारी घ्यावी. लवचीक दोरी घेतली तर झोत आल्यावर गाडी आपोआप खाली सरकते आणि तुम्हाला वाटतं आपण काही बदललंच नाही. प्रयोगशाळेतही असे ताणले जाणारे दुवे खूप असतात, बरं का.

दोरी अडकवायचा क्लीट असा वळवायचा की वाऱ्याकडच्या काठावर बसून, अंग बाहेर टाकलेलं असतानाही एका झटक्यात सोडता आला पाहिजे. जो क्लीट घाईत सुटत नाही तो बसवू नये.

शेवटची आणि सर्वांत स्वस्त गोष्ट, खुणा. रुळाच्या मध्यावर ठळक रेघ आणि दोन्ही बाजूंना दर ५ सेंटिमीटरवर खूण. मेनशीटवरही एक-दोन खुणा करून ठेवाव्यात. खुणा नसतील तर आज चांगली चाललेली बोट उद्या तशीच लावता येत नाही.

निगा म्हणाल तर दर वेळी गोड्या पाण्याने धुणे. गाडीत छोट्या गोळ्या असतात. त्यांत ग्रीस घातलं तर मीठ आणि वाळू चिकटून ती अडकते, म्हणून ग्रीस नको.

सगळ्या बोटींवर रूळ नसतो. लेझर या एकट्याने चालवायच्या बोटीवर (टोकियो ऑलिम्पिकमध्ये नेत्रा कुमनन याच बोटीच्या रेडियल प्रकारात उतरली होती) मागच्या दोन कोपऱ्यांमधून ओवलेली साधी दोरी हाच ट्रॅव्हलर असतो. मेनशीटची कप्पी तिच्यावरून आपोआप झुकत्या कोपऱ्याकडे सरकते. ही दोरी घट्ट ठेवायची, सैल असेल तर कप्पी वर उचलली जाऊन मध्याकडे येते. इथे गाडी हवी तिथे थांबवता येत नाही, म्हणून पिळाचं काम बूम खाली ओढणाऱ्या व्हँग नावाच्या वेगळ्या दोरीकडे जातं. सोय वेगळी, पण हेतू तोच: एका दोरीवरचं एक काम काढून दुसरीकडे द्यायचं.

वापरायचा कसा

हा क्रम मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय: आधी मेनशीटने पीळ ठरवायचा, मग ट्रॅव्हलरने कोन.

पीळ बघायला दोन खुणा आहेत. शिडात आडव्या लवचीक पट्ट्या घातलेल्या असतात. बूमखालून वर बघितलं तर सर्वांत वरची पट्टी बूमला समांतर दिसते की बाहेर वळलेली, ते कळतं. दुसरं, त्या पट्टीच्या टोकाला मागच्या कडेवर एक हलकी फीत लावतात. ती मागे सरळ उडत असेल तर वारा शिडावरून नीट सुटतोय. ती सतत शिडामागे दडत असेल तर मागची कड जास्त ताणली आहे, मेनशीट थोडी सोडा.

हलका वारा, समजा ५-६ नॉट. मेनशीट सैल, पीळ भरपूर. पण सैल दोरीने बूम बाहेर जातो, म्हणून गाडी वाऱ्याकडच्या बाजूला ओढायची, इतकी की बूम पुन्हा मध्यरेषेजवळ येईल. बूम मध्यरेषेच्या पलीकडे मात्र नेऊ नये.

मध्यम वारा. मेनशीट घट्ट, वरची पट्टी जवळपास बूमला समांतर, फीत अधूनमधून दडते इतपत. ताण वाढल्याने बूम आत येतो, म्हणून गाडी मध्याकडे आणायची.

जोराचा वारा. बोट जास्त कलते, सुकाणू हाताला जड लागतं, बोटीचं नाक सारखं वाऱ्याकडे वळू पाहतं. मेनशीट घट्टच ठेवायची म्हणजे शीड सपाट राहतं, आणि गाडी झुकत्या बाजूला सोडायची. झोत आला की गाडी खाली, झोत गेला की परत वर. गाडी टोकाला पोचली आणि तरीही बोट कलतेच आहे, तेव्हा मात्र मेनशीट सोडून वरचा भाग उघडायचा, म्हणजे वरचा जोर निघून जातो.

लाटा असतील तर थोडा जास्त पीळ बरा. बोट वर-खाली डुलताना शिडाच्या टोकाशी वाऱ्याची दिशा सारखी बदलते, आणि पीळ असला की शिडाचा कुठला ना कुठला भाग बरोबर कोनात सापडतो.

टॅक करताना, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना, गाडी जुन्या बाजूलाच राहते. वळल्यावर जुनी दोरी सोडून नवी ओढायची. जाइब करताना, म्हणजे वारा पाठीमागून घेऊन वळताना, बूम जोरात आडवा येतो. तेव्हा गाडी आधीच मध्यावर आणून दोन्ही बाजूंनी पक्की करायची, आणि बोटं रुळापासून लांब. हा नियम मी शिकले तो निळ्या नखाच्या किमतीला.

हे वेगळेपणही पूर्ण नसतं

इथे खरी गंमत आहे. ट्रॅव्हलर आला म्हणजे दोन गोष्टी कायमच्या सुट्या झाल्या, असं नाही.

एक, रूळ सरळ असतो आणि बूमचं टोक वर्तुळाच्या चापावर फिरतं. त्यामुळे गाडी टोकाकडे नेली की ताणही किंचित बदलतो. काही बोटींवर रूळ मुद्दाम वक्र ठेवतात तो यासाठीच.

दोन, रुळाला लांबी असते. बूम रुळाच्या टोकापलीकडे गेला की दोरी पुन्हा तिरकी होते आणि पुन्हा एकाच दोरीची दोन कामं सुरू. वारा बाजूने किंवा मागून असताना पिळासाठी व्हँग लागतो तो म्हणूनच.

तीन, मेनशीट जोरात ओढली की अनेक बोटींवर डोलकाठीही मागे वाकते आणि शीड आणखी सपाट होतं. म्हणजे तिसरं कामही होतंच, आपण ते मोजत नव्हतो इतकंच.

मला वाटतं, संशोधनासाठी सर्वांत कामाचा भाग हाच आहे. दोन व्हेरिएबल शंभर टक्के वेगळे करणं क्वचितच जमतं. कुठल्या मर्यादेत ते वेगळे आहेत आणि कुठे पुन्हा एकमेकांत मिसळतात, हे माहीत असणं आणि ते लिहून ठेवणं नक्की जमतं.

टनेलमधला ट्रॅव्हलर

मी काय केलं ते सांगते. वर्कशॉपमधून टनेलच्या तळावर बसणारा एक वक्र रूळ करून घेतला. चापाचं केंद्र बरोबर डोलकाठीखाली, म्हणजे कोन कुठलाही असो, दोरी उभीच राहते. रुळावर अंशांच्या खुणा. ताण एका स्क्रूने बदलायचा आणि छोट्या लोड सेलने वाचायचा. पीळ ताणावरून अंदाजाने न घेता वरच्या कॅमेऱ्याने मोजायचा. बूमवर एक पट्टी, वरच्या बॅटनवर एक पट्टी, दोन रेघांमधला कोन म्हणजे पीळ.

मग वहीत एक तक्ता काढला. आडवे ५ कोन, उभे ३ पीळ. १५ घरं, प्रत्येक घरात ३ वेळा मोजमाप, एकूण ४५ रीडिंग. जुनी सहा महिन्यांची रीडिंग याच तक्त्यावर टाकून बघितली, तर सगळी एका तिरक्या रेषेत पडली. कोन कमी तिथे पीळ जास्त, कोन जास्त तिथे पीळ कमी. तक्त्याचे दोन मोठे कोपरे रिकामे! शेकडो रीडिंग असूनही मी त्या चौकोनातली एकच पायवाट तुडवत होते. त्याच पायवाटेवर आणखी हजार रीडिंग घेतली असती तरी सरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नसतं. एरर बार छोटे होत गेले असते, एवढंच.

जुनी रीडिंग वाया गेली का? पूर्ण नाही. लॅबमधल्या एका सीनिअर ताईने पहिल्या दिवसापासून हट्ट धरला होता की प्रत्येक रीडिंगला वरून एक फोटो काढायचाच. तेव्हा मला तो वैताग वाटायचा. त्या फोटोंमधून जुना पीळ मोजता आला, आणि जुनी रीडिंग नव्या तक्त्याच्या तिरक्या रेषेवर तपासायला उपयोगी पडली. त्याच कोनाला आणि त्याच पिळाला नवा सेटअप जुन्याइतकीच लिफ्ट देतो का? एररच्या आत, हो. म्हणजे जुनं मोजमाप चुकीचं नव्हतं, मी त्याला दिलेलं नाव चुकीचं होतं.

सहा महिन्यांनी त्याच समितीसमोर उभी राहिले. या वेळी एका रेषेऐवजी तीन रेषा होत्या, प्रत्येक पिळाची एक. त्या समांतर नव्हत्या. पीळ जास्त असताना कोन वाढवण्याचा परिणाम वेगळा होता. हा प्रश्न पहिल्या आलेखावर विचारताही आला नसता. सरांनी मान हलवली आणि पुढचा, जास्त अवघड प्रश्न विचारला. एसआरएफ झाली.

प्रयोग सुरू करण्याआधी

तुमचा विषय रसायनशास्त्र असो, शेती असो की शिक्षणशास्त्र, प्रपोजल लिहिताना स्वतःला हे चार प्रश्न विचारा.

मी जी गोष्ट बदलणार आहे, ती बदलायला हात नक्की कशाला लावते? कोनाला, की दोरीला? वहीत "कोन" लिहिण्याआधी "दोरी इतकी ओढली" असं लिहा.

तो हात लावल्यावर आणखी काय काय हलतं? तापमान वाढवलं की द्रावण आटतं का? नवी शिकवण्याची पद्धत आणली तेव्हा शिक्षकही बदलला का? पाणी जास्त दिलेल्या वाफ्यात खतही जास्त वाहून गेलं का?

मला ट्रॅव्हलर बसवता येईल का? म्हणजे दुसरा स्वतंत्र हात, ज्याने एक गोष्ट धरून ठेवून दुसरी हलवता येईल? येत असेल तर पहिल्या महिन्यातच बसवा, सहाव्या नव्हे.

आणि बसवता येत नसेल, तर निदान ती दुसरी गोष्ट मोजून ठेवता येईल का? प्रत्येक वेळी एक फोटो?

गेल्या रविवारी पुन्हा बोटीवर होते. वारा वाढला आणि सवयीने माझा हात मेनशीटकडे गेला. मामा काही बोलले नाहीत, नुसते रुळाकडे बघत राहिले. मी गाडी सोडली.